मोळी, जुडी की नुसतं 'फाशो'?

पानवेल
एका मासिकासाठी अमेरिकेतल्या इटालियन कामगारांवरचा लेख मराठीत आणतेय. एका वाक्यावर अडलेय. मी लिहिलं होतं, 'तरुणपणी सिसिलीत फाशोत असलेली माणसं पुढे न्यू यॉर्कमध्ये मुसोलिनीच्या फाशोविरुद्ध रस्त्यावर उतरली.' मुद्रितशोधकांनी पहिल्या 'फाशो'चं 'फॅसिस्ट पक्ष' करून टाकलं. म्हणजे ती माणसं आधी फॅसिस्ट होती, नंतर सुधारली!

सिसिलीतले फाशो १८९१ ते १८९४ मधले. शेतमजुरांचे, गंधकाच्या खाणीतल्या कामगारांचे संघ होते ते, समाजवादी वळणाचे. जानेवारी १८९४ मध्ये इटलीचे पंतप्रधान क्रिस्पी यांच्या सरकारने लष्कर घालून मोडून काढले. मुसोलिनीने हाच शब्द घेऊन मिलानमध्ये आपली संघटना काढली ती मार्च १९१९ मध्ये. शब्दाचा मूळ अर्थ मोळी. मराठीत काय लिहू?

जाता जाता दुसरी अडचण. नवख्या मजुराला काम लावून देणारा, त्याच्या मजुरीतून आपला हिस्सा कापणारा जो 'पाद्रोने', त्याला मी 'मुकादम' लिहिलंय. शोधकांनी 'मालक' केलं. कोण बरोबर?

दोन_आणे
मोळीच लिहा. शाळेत सगळ्यांनीच वाचलीय, म्हातारा शेतकरी, भांडकुदळ मुलं आणि न मोडणारी काठ्यांची मोळी. अर्थ तोच आहे.

कोकणकडा
मोळी म्हटलं की मला डोक्यावर फाटी घेऊन उतरणारी बाई दिसते. 'मोळीत सामील झाला' असं कोण बोलतं? जुडी तर त्याहून वाईट, मेथीची वाटते.

शब्दवेडा
अहो, शब्द आपल्या तोंडातच आहे की! एकजूट. जटाजूट आठवा. जूट म्हणजे एकत्र बांधलेलं. 'शेतमजुरांची जूट' लिहा, फाशोचा अर्थ जसाच्या तसा येतो.

पानवेल
जूट सुंदर आहे. पण वाचक गोणपाट समजणार.

शब्दवेडा
वाचकाला इतकं कमी लेखू नये.

बालाघाट
मुकादम बरोबर हाय ताई. आमच्याकडं ऊसतोडीचा मुकादम कारखान्याकडून पैसा घेतो, मजुराला उचल देतो, टोळी बांधून नेतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, हिशेब कोयत्यावर. उचल फिटली न्हाई तर फुडल्या साली परत त्याच्याच दावणीला. तुमचा इटलीवाला ह्यापेक्षा येगळा काय करत हुता? मालक कुठं कापतो दलाली?

कोकणकडा
पण पाद्रोनेचा इटालियनमध्ये अर्थ मालक असाच आहे ना? मूळ शब्दाशी इमान नको?

बालाघाट
आमच्या मुकादमालाबी मजूर मालकच म्हणत्यात. तोंडावर.

जुना_परळकर
शब्दांचंच निघालंय म्हणून. आपण ज्याला 'संप' म्हणतो तो गुजरातीत एकोपा! आमच्या चाळीतले गुजराती काका म्हणायचे, 'घरमां संप राखो', आणि माझे वडील हसायचे, कारण आमच्या घरात संप असला की चूल थंड. माझी खात्री आहे, गिरण्यांत आधी 'संप केला' म्हणजे एकी केली, आणि एकी केली म्हणजे काम बंद, असंच झालं असणार.

शब्दवेडा
खात्री कशाच्या आधारावर? 'हरताळ' अधिक जुना, तोच शुद्ध. हट्टाला ताळं.

जुना_परळकर
हरताळ दुकानाला. साच्यावरचा माणूस संपच करतो. शुद्ध बोलून गिरणी बंद पडत नाही.

पानवेलताई, १९१२ चा अमेरिकेतल्या लॉरेन्स गावच्या कापडगिरण्यांचा संप आहे ना लेखात? कायद्याने बायकामुलांचे आठवड्याचे तास ५६ चे ५४ केले, गिरणीवाल्यांनी तेवढी मजुरी कापली. ११ जानेवारीला आधी पोलिश बायका बाहेर पडल्या, दुसऱ्या दिवशी इटालियन. 'शॉर्ट पे' असं ओरडत. त्याचं भाषांतर 'अपुरे वेतन' करू नका, पाया पडतो. 'पगार कापला!' एवढंच.

पानवेल
आहे, आणि 'पगार कापला'च केलंय. संप फोडणाऱ्याला इटालियनमध्ये 'क्रुमिरो' म्हणतात. ट्युनिशियातल्या एका टोळीचं नाव, १८८१ मध्ये फ्रान्सने तिचं निमित्त करून तो देश घेतला. तिथून शिवी झाली. मी 'संपफोड्या' लिहिलं. पण आपण फाशोवर होतो.

दोन_आणे
आणि ते 'फॅ' कुठून आणलं? इंग्रजीतून. हिंदीवाले फासीवाद म्हणतात, तर आमच्या मुलाला वाटलं फाशी देतात ते फासीवादी.

सैनिकाची_नात
तुमचा मुलगा उच्चारात चुकला नाही. इटालियनमध्ये 'श'च आहे. माझे आजोबा मराठा पलटणीतून इटलीत लढले, नामदेव जाधवांना सेनिओ नदीवर एप्रिल १९४५ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला त्याच मोहिमेत. ते शेवटपर्यंत 'फाशिस्ट' म्हणायचे. आम्ही अडाणी म्हणून हसायचो. तिथल्या गावकऱ्यांच्या तोंडून ऐकलेला शब्द होता तो!

शब्दवेडा
मग कंसात 'जूटवादी' द्यायला काय हरकत आहे?

कोकणकडा
देवा.

पानवेल
कार्लो त्रेस्का लेखाचा नायक आहे. १९०४ मध्ये सुल्मोना सोडून अमेरिकेत आला, लॉरेन्सला होता, 'इल मार्तेल्लो' म्हणजे हातोडा नावाचं पत्र चालवलं, मुसोलिनीला नको नको केलं आणि १९४३ च्या जानेवारीत न्यू यॉर्कच्या रस्त्यावर गोळी खाऊन मेला. त्याला मी 'जूटवादविरोधी' म्हणू?

गंमत सांगू का? १९१६ पासून १९४५ पर्यंत अमेरिकेच्या दहा सेंटच्या नाण्यावर हीच मोळी होती, कुऱ्हाडीसकट, रोमन पद्धतीची. म्हणजे फाशोविरुद्ध सभेला निघालेल्या मजुराच्या खिशात भाड्यापुरता एखादा फाशो असणारच.

बालाघाट
ह्ये लेखात घाला ताई.

जुना_परळकर
नाण्यावरून आठवलं, दस्तुरी आणि दलाली एकच का? आमच्या खात्यात माणसं कामाला लावणारा जॉबर घ्यायचा ती दस्तुरी.

बालाघाट
न्हाई. दलाली मालक देतो, दस्तुरी मजुराच्या खिशातनं जाती.

शब्दवेडा
दस्तूर फारसी. मराठीत यासाठी…

पानवेल
शोधकांचा फोन आलाय. मुकादम मान्य. फाशोला ते म्हणतात 'संघ' करूया. मी नको म्हटलं तर विचारतात, का?