प्रवासासाठी लहान, हलका आणि परवडणारा लॅपटॉप : आपापले अनुभव लिहावेत

घरी मोठा लॅपटॉप असूनही प्रवासासाठी एक लहान, हलका दुसरा असावा, असे अनेकांना वाटते. परंतु दुकानात सांगितलेले वजन आणि खांद्यावर जाणवणारे ओझे यांत बरेच अंतर असते. ज्यांनी ४० हजार रुपयांच्या आत असा लॅपटॉप घेऊन प्रत्यक्ष वापरला आहे, त्यांनी येथे लिहावे. कोणते मॉडेल घेतले एवढेच न सांगता कोणत्या कामासाठी घेतले आणि त्यासाठी कशावर पाणी सोडले, हेही लिहिल्यास नव्याने घेणाऱ्यांना अधिक उपयोग होईल.

सुरुवात माझ्यापासून करते. मी भाषांतराचे काम करते आणि पुणे–नागपूर रेल्वेप्रवास सतत घडतो. नवा स्वस्त लॅपटॉप घेण्याऐवजी मी कंपन्यांच्या वापरातून बाहेर पडलेला, १२.५ इंची पडद्याचा, लेनोव्हो कंपनीचा थिंकपॅड एक्स २८० घेतला. हे २०१८ सालचे मॉडेल सव्वा किलोच्या आत बसते, त्याचा कीबोर्ड पूर्ण आकाराच्या जवळ जातो आणि तो टाइप-सी चार्जरवर चालतो. त्याआधीच्या एक्स २७० ची मागची बॅटरी हाताने काढता येते व रॅमही (काम चालू असतानाची तात्पुरती स्मृती) वाढवता येते, म्हणून पुष्कळ जण तो सुचवतात. परंतु त्यातील प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार (सुरक्षा-अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. एक्स २८० मध्ये रॅम बोर्डावरच जोडलेली असल्याने ८ जीबीपेक्षा कमी असलेला घेऊ नये. पुढे ती वाढवण्याची सोय नाही. जुना लॅपटॉप घेताना विक्रेत्यासमोरच विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढावा. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आज उरलेली क्षमता शेजारी शेजारी दिसते, आणि भाव करायला त्याहून चांगला मुद्दा नाही.

मेळघाटात क्षेत्रीय काम करणारा एक सदस्य
मी उलट मार्गाने गेलो. संस्थेने नवा, ११.६ इंची, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी (स्वस्त यंत्रांतील संथ चिप-साठवण) असलेला लॅपटॉप दिला. वजन सुमारे एक किलो, पंखा नाही, त्यामुळे धुळीची काळजी कमी. अडचण निराळीच निघाली. ६४ जीबी ही विंडोज ११ ची किमान अट आहे. ती जेमतेम पूर्ण करणाऱ्या यंत्रात मोठे अपडेट आले की जागाच उरत नाही, आणि ईएमएमसी बोर्डावर जोडलेली असल्याने ती बदलताही येत नाही. शेवटी विंडोज काढून लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली टाकली. सर्वेक्षणाचे तक्ते भरणे आणि अहवाल लिहिणे एवढे काम आता विनातक्रार होते. मात्र ब्राउझरमध्ये बरीच पाने एकदम उघडली की यंत्र अडखळते. नवाच घ्यायचा असेल तर ८ जीबी रॅम आणि खरीखुरी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान साठवण) यांखाली उतरू नये, असे माझे मत आहे.

मुंबईहून, विक्री विभागातील एक सदस्य
वजनाबद्दल लिहिताना सारे जण चार्जर विसरतात. जुन्या पद्धतीचा, मधे ठोकळा असलेला चार्जर वायरीसह सहज पाव किलोच्या पुढे जातो. ४५ किंवा ६५ वॉटचा एकच टाइप-सी चार्जर लॅपटॉप आणि फोन दोन्हींना चालला, तर पिशवी खरोखर हलकी होते. रेल्वेच्या डब्यांतील सॉकेटला बहुधा ११० व्होल्टचा वीजदाब असतो. चार्जरवर १००–२४० व्होल्ट छापलेले असेल तर तो तेथे चालतो. रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत मात्र अनेक गाड्यांत हे सॉकेट बंद ठेवतात. पॉवर बँक घेताना मिलिअँपिअरच्या मोठ्या आकड्याला भुलू नये. २२.५ वॉटची पॉवर बँक फोन भरते, लॅपटॉपला ती बहुधा पुरत नाही. विमानात वॉट-तास मोजतात : २०,००० मिलिअँपिअर-तास म्हणजे ३.७ व्होल्टला ७४ वॉट-तास, आणि विनापरवानगी मर्यादा १०० ची आहे. पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवावी लागते.

लडाखला नेमाने जाणारी एक छायाचित्रकार
आमच्याकडे प्रश्न उंचीचा असतो. फिरती तबकडी असलेल्या बहुतेक हार्ड डिस्क सुमारे ३,००० मीटर उंचीपर्यंतच्या वापरासाठी बनवलेल्या असतात आणि लेह ३,५०० मीटरवर आहे. एसएसडीला ही अडचण नाही. थंडीत तापमान शून्याखाली असताना लिथियम बॅटरी चार्ज करू नये. आधी लॅपटॉप खोलीत ऊबेला येऊ द्यावा.

साताऱ्याहून, एक शिक्षक
मी क्रोमबुक, म्हणजे विंडोजऐवजी गुगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप, वापरतो. २०२१ पासून आलेल्या मॉडेलना दहा वर्षे आपोआप अपडेट मिळतात, परंतु ही मुदत आपल्या खरेदीच्या दिवसापासून मोजली जात नाही. सवलतीत मिळणाऱ्या जुन्या मॉडेलची अखेरची तारीख आधी पाहावी. टॅब्लेटला कीबोर्ड जोडण्याचाही प्रयोग केला, पण एसटीत मांडीवर तो टिकत नाही.

ठाण्याहून, साठी ओलांडलेला एक सदस्य
लहान आकाराचे कौतुक वाचून एक विरोधी सूर लावतो. १३६६ × ७६८ च्या लहान पडद्यावर देवनागरीतील जोडाक्षरे आणि रफार वाचताना डोळे शिणतात. अक्षर मोठे करावे तर ओळी कमी दिसतात. मी १४ इंची, फुल एचडी, १.४ किलोचा घेतला आणि समाधानी आहे. एक सूचना मात्र सर्वांसाठी : नव्या यंत्रांत झाकण मिटले तरी लॅपटॉप पूर्ण झोपत नाही, बंद पिशवीत तो तापतो आणि बॅटरी उतरते. त्यामुळे प्रवासाला निघण्यापूर्वी सेटिंगमध्ये जाऊन झाकण मिटताच हायबरनेट होईल (चालू काम जतन करून पूर्ण बंद होईल) असे करून ठेवावे.