बाण एकीकडे, होकायंत्र दुसरीकडे (माउंट सेंट हेलेना)

डबाशोध्या

मंडळी, दोन दिवस डोकं भणभणलंय म्हणून धागा काढतोय. जाणकारांनी मदत करा.

शनिवारी कॅलिफोर्नियातल्या कॅलिस्टोगाच्या वरच्या माउंट सेंट हेलेनावर गेलो होतो. (वॉशिंग्टन राज्यातला फुटलेला ज्वालामुखी तो सेंट हेलेन्स, हा वेगळा. इथल्या लोकांचाही घोळ होतो.) एका बाजूने साधारण ५ मैल, माथा ४३४२ फूट. सुरुवातीला थोडी झाडीतली वळणावळणाची पायवाट, पुढे सगळा उघडाबोडका फायर रोड (वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठीचा कच्चा रस्ता). पायथ्याशी ना पाणी ना संडास. बायकोने तिसऱ्या मैलाला विचारलं, "हा ट्रेक आहे की घाटरस्ता?" उत्तर नव्हतं माझ्याकडे.

जायचं कारण जिओकॅशिंग. नवीन लोकांसाठी: कोणीतरी डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश टाकतो, आपण जीपीएसवर शोधायचा, आतल्या वहीत सही करायची आणि डबा होता तसा ठेवून यायचं. हा डबा मात्र दोन टप्प्यांचा आहे. आधी माथ्यावरच्या सर्व्हेच्या मुख्य खुणेवरचं साल वाचायचं, ते सूत्रात घालायचं, मग डब्याची जागा मिळते.

खूण सापडली! खडकात बसवलेली पितळी चकती, चहाच्या बशीतल्या खोलगट भागाएवढी. कडेने गोल अक्षरं, मधे बाण, त्याखाली साल. ही चकती हलवली तर २५० डॉलर दंड किंवा कैद, असा दमही त्यावरच कोरलाय. साल घातलं तर जागा आली थेट एका घळीत, पॉयझन ओकच्या (अंगाला लागलं की पुरळ उठवणाऱ्या झुडपाच्या) जाळीत. माणूस तिथे डबा ठेवणार नाही, निदान हात शाबूत हवे असलेला तरी.

घरी येऊन नॅशनल जिओडेटिक सर्व्हेची (अमेरिकेचं सरकारी मोजणी खातं) डाटाशीट, म्हणजे त्या खुणेचा नोंदीचा कागद, काढली. त्यात कळलं की बाणवाली चकती मुख्य नव्हेच. मुख्य खूण वेगळी, आणि तिथून या चकतीची दिशा आणि अंतर दिलंय. म्हटलं उलटं मोजू. रविवारी पुन्हा गेलो (एकटा, हे सांगायला नकोच), दिशेत १८० अंश मिळवले आणि होकायंत्र लावलं. पुण्याचं जुनं होकायंत्र आहे, सह्याद्रीत दहा वर्षं माझ्यासोबत फिरलंय, राजगड-तोरणा धुक्यात त्याच्याच जिवावर केला. तर होकायंत्र दाखवतंय बाणाच्या चांगलंच उजवीकडे! मधे मॅन्झनिटाची झुडपं छातीएवढी, पलीकडचं काही दिसत नाही. होकायंत्रावर भरवसा ठेवून झुडपांना वळसा घातला, तासभर दगड उलथेपालथे केले, काही नाही.

प्रश्न: चकती कोणी फिरवली असेल का? की माझं होकायंत्र बिघडलं? आकडे मुद्दाम देत नाही, बाकीच्यांसाठी कोडं फुटेल.

खाडीपलीकडचा

दोन दिवसांत २० मैल, ते पण फायर रोडवर. वहिनींना आमचा साष्टांग नमस्कार.

पहिल्या भागाचं उत्तर तुम्हाला मिळालंच आहे, पण नवीन लोक फसतात म्हणून लिहितो. मध्ये त्रिकोण असेल तर ती मुख्य त्रिकोणन खूण (त्रिकोणन म्हणजे त्रिकोण आखून केलेली मोजणी). बाण असेल तर ती संदर्भखूण, आणि बाण मुख्य खुणेकडे रोखलेला. अशा निदान दोन तरी असतात, बहुतेक वेळा मुख्य खुणेपासून ३० मीटरच्या आत. बाणवाल्या बसवायचं कारण एवढंच की मुख्य खूण मातीत गेली, फुटली, कोणी उचलून नेली तरी जागा परत काढता यावी. चकती फिरवलेली नसणार. तिच्या मागे दांडा असतो, खडकाला भोक पाडून सिमेंटने बसवतात. फिरवायची तर पहार लागेल.

होकायंत्राचं मात्र मला कळत नाही, मी फोन वापरतो. एक जुनी हळहळ: पूर्वी जिओकॅशिंगच्या साइटवरच या चकत्यांची यादी होती, सापडली की डब्यासारखी नोंद करता यायची. २०२३ मध्ये त्यांनी ती बंद केली. अजूनही चकती बरी आहे की गेली हे सर्व्हेला थेट कळवता येतं, आणि डाटाशीटवर कळवणारा जिओकॅशर म्हणून नोंद येते. मला डब्यापेक्षा त्यातच जास्त मजा यायची.

साखळी_फलक

मी भूमी अभिलेखमधून निवृत्त. मुलाकडे सॅन रमोनला सहा महिने असतो, सहा महिने साताऱ्यात.

डबाशोध्या, होकायंत्र बिघडलेलं नाही आणि चकतीही जागच्या जागी आहे. चूक तुमच्या सवयीची आहे. डाटाशीटमधली दिशा खऱ्या उत्तरेपासून मोजलेली असते. होकायंत्राची सुई चुंबकीय उत्तर दाखवते. या दोन्हींतल्या फरकाला दिक्पात म्हणतात. पुण्या-साताऱ्याकडे तो जवळजवळ शून्य आहे. म्हणून तुम्ही दहा वर्षं राजगड-तोरणा केलात आणि कधी काही वाटलं नाही. उत्तर कॅलिफोर्नियात तो साधारण १३ अंश पूर्वेकडे आहे. तुम्ही डाटाशीटचा आकडा जसाच्या तसा लावलात, म्हणून बरोब्बर तेवढे उजवीकडे गेलात. आकड्यातून १३ वजा करा, होकायंत्र आणि बाण एका रेषेत येतील.

२५ मीटरवर १३ अंश म्हणजे पावणेसहा मीटरच्या आसपास चूक. मोजणीत इतकी चूक झाली असती तर दोन भावांची डोकी फुटली असती.

ज्या काळात शंकू-साखळी आणि फलकयंत्र घेऊन फिरलो, तेव्हा हद्दीचा दगड गेला तर शेजारच्या खुणांवरून तो परत बसवायचो. अक्कल तीच, फक्त तुमच्याकडे पितळेची. जुन्या त्रिकोणनात वरची खूण उखडली तरी चालावं म्हणून बऱ्याच ठिकाणी बरोबर तिच्याखाली, जमिनीत, आणखी एक खूण पुरलेली असे. आमच्याकडेही आणि तिकडेही.

अवांतर, पण राहवत नाही. भारतात हे काम १८०२ साली मद्रासला सुरू करणारा विल्यम लॅम्ब्टन १८२३ मध्ये काम चालू असतानाच गेला, तो आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. थडगं तिथेच आहे. त्याच्यामागून हे काम चालवणाऱ्या जॉर्ज एवरेस्टचं नाव पोराटोरांना माहीत, लॅम्ब्टनचं नाव हिंगणघाटात तरी किती जणांना ठाऊक असेल देव जाणे. आणि तुमचा सेंट हेलेना काही साधा डोंगर नाही. १८७८ मध्ये इथून उत्तरेकडच्या माउंट शास्ता या डोंगरापर्यंत १९२ मैलांची रेषा साधली होती. आरशाने सूर्याची तिरीप पाडायची आणि ती पलीकडच्याने दुर्बिणीतून पकडायची. शास्तावर तो माणूस नऊ दिवस बर्फात मुक्कामाला होता, हवा स्वच्छ होण्याची वाट बघत.

कडेवरची_मीना

काका, दंडवत. मी फोनवर खरी उत्तर की चुंबकीय उत्तर असा पर्याय बघितला होता, आजवर कधी उघडला नव्हता.

डबाशोध्या, साबण लावलात का? पॉयझन ओकचं तेल कपड्यांवर, बुटांच्या नाड्यांवरही राहतं. धागा वाचताना पहिलं तेच डोक्यात आलं.

डबाशोध्या

साखळी_फलक काका, पाय कुठे आहेत? १३ वजा केले.

काल सकाळी साडेसहाला चढायला लागलो. या वेळी लेक बरोबर होती. बायको पायथ्याशी गाडीत, थालीपीठ आणि पुस्तक घेऊन. (करार असा की सापडलं नाही तर पुढचे तीन रविवार माझे नाहीत.)

बाणाच्या चकतीवर उभा राहून होकायंत्र धरलं आणि खरंच, सुधारलेला आकडा आणि बाण एका रेषेत! लेकीला बाणाच्या रेषेत काठी धरायला उभी केली, मी टेप घेऊन मॅन्झनिटातून सरपटत गेलो. टेप जिथे संपली तिथे नुसता खडक. दिसायला काही नाही. मग हाताने भुगा बाजूला केला, बाटलीतलं पाणी ओतलं, आणि आधी हिरवट कड दिसली. मग त्रिकोण. मधे बारीक टिंब. अक्षरांच्या खाचांत मुंग्यांनी माती भरली होती, ती लेकीने गवताच्या काडीने एकेक अक्षर करत काढली. साल अर्थातच बाणवाल्या चकतीपेक्षा वेगळं!

नवीन जागा निघाली माथ्यापासून फार लांब नाही, एका कपारीत, दगड सारून ठेवलेला. लष्करी दारूगोळ्याचा हिरवा डबा. आत वही (अर्धी ओली), एक प्लास्टिकचा डायनासोर, परदेशी नाणं, गंजलेली किल्ली. लेकीने डायनासोर घेतला आणि तिच्या केसांची निळी पिन ठेवली. मी आमच्या दोघांची नावं लिहिली, एकदा इंग्रजीत आणि एकदा देवनागरीत. वर एकदा उत्तरेकडे बघितलं, शास्ता काही दिसला नाही, धुरकट होतं. १९२ मैल म्हणजे पुण्याहून बघायचं तर कुठवर पोचतं याचा हिशेब घालत उतरलो.

चकतीची नोंद सर्व्हेला कळवली: आहे, चांगल्या अवस्थेत.

मीनाताई, साबण लावला नव्हता. डावा हात कोपरापर्यंत लाल झालाय, कॅलामाइनची बाटली संपली. घरगुती उपाय आहे का कोणाकडे?

खाडीपलीकडचा

थंड पाण्याची पट्टी ठेवा आणि ते कपडे एकदा वेगळे धुवा. अजून सूज वाढली तर डॉक्टरकडे जा, इथे विचारत बसू नका.

आणि त्या डब्याचा पत्ता मला व्यनि (खासगी निरोप) करा. कोडं मी सोडवणार नाही, तिसऱ्या मैलाला मीही प्रश्न विचारायला लागेन.

डबाशोध्या

व्यनि करणार नाही. होकायंत्र हवं असेल तर उसनं देतो.