रंकाळा की कळंबा? तलावाच्या गाळातून हजार वर्षांचा पाऊस काढायचाय

भूगोल_कोल्हापूर
एमएस्सीच्या मुलांसाठी छोटा प्रकल्प ठरतोय. ६३ मिमीचा पीव्हीसी पाइप होडीतून गाळात दाबून मीटरभर कोअर (थरांसकट गाळाचा उभा दंडगोल) काढायचा, दर सेंटीमीटरला काप घ्यायचा आणि मफल फर्नेसमध्ये (प्रयोगशाळेतली विजेची भट्टी) ५५० अंशांवर जाळायचा. वजनातली घट म्हणजे सेंद्रिय भाग. तिच्या चढउतारावरून ओला आणि कोरडा काळ ओळखू, असा बेत आहे. हाताशी फर्नेस, तराजू आणि साधी रसायनं एवढंच. कुठला तलाव घ्यावा?

गाळवाचक
हजार वर्षं हवी असतील तर दोन्ही नकोत. कळंबा बांधलेला तलाव आहे. बांधाआधीचा तळ म्हणजे नुसती जमीन, तिच्यात तलावाची नोंद कुठून येणार? रंकाळ्यात सांडपाणी आणि जलपर्णी. वरच्या थरात सेंद्रिय भाग वाढलेला दिसेलच, पण त्याचा पावसाशी संबंध लावलात तर परीक्षक सोडणार नाहीत. शिवाय गाळ उपसलेल्या जागी मधली वर्षंच गायब असतात आणि कोअरकडे बघून ते कळत नाही.

आपल्याकडे लांब नोंद आहे ती लोणारला. तिथल्या सुमारे १० मीटरच्या कोअरमध्ये ११ हजार वर्षांचा मान्सून वाचला गेलाय. साधारण ४६०० ते ३९०० आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वीच्या थरांत गेलुसाइटचे स्फटिक आहेत. पाणी आटून खारटपणा फार वाढला की हे खनिज बनतं, म्हणून कोरड्या काळाचा पुरावा भक्कम. पण ते अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय पाइप पाण्यात घालू नका.

माझं मत, प्रश्नच बदला. बांध घातल्यापासून पाणलोटातून माती किती आली, हे कळंब्याला विचारता येईल. कोअर खालच्या जुन्या जमिनीपर्यंत पोचला तर बांधाचं वर्ष ही फुकटात मिळालेली तारीख.

जांभा_बेसाल्ट
फर्नेसबद्दल एक सावधगिरी, कारण आपल्या भागात हमखास फसगत होते. पाणलोटात जांभ्याची माती असेल तर तिच्यात गिबसाइट (अॅल्युमिनियमचं खनिज) आणि गोएथाइट (लोहाचं खनिज) असतं. दोन्ही ३०० अंशांच्या आसपास स्वतःतलं पाणी सोडतात. शुद्ध गिबसाइटचं वजन जवळपास ३५ टक्के घटतं. म्हणजे गाळात १० टक्के गिबसाइट असेल तर साडेतीन टक्के "सेंद्रिय" आकडा निव्वळ खोटा. जोराच्या पावसात जांभी माती जास्त वाहून येते, त्यामुळे ही चूक नेमकी पावसाच्या सुरात सूर मिळवते आणि आलेख छान दिसतो!

उपाय स्वस्त आहे: वॉकले-ब्लॅक टायट्रेशन, म्हणजे न जाळता डायक्रोमेट या रसायनाने सेंद्रिय कार्बन मोजणं. कुठल्याही माती परीक्षण प्रयोगशाळेत होतं. मात्र तळाचा काळा गाळ आधी हवेत सुकवा, नाहीतर त्यातलं फेरस लोह डायक्रोमेट खातं आणि कार्बन जास्त दिसतो. या पद्धतीत साधारण ७७ टक्के कार्बनचीच डायक्रोमेटशी क्रिया होते असं धरून १.३ ने गुणतात. अहवालात ते लिहा.

भूगोल_कोल्हापूर
हे लक्षातच आलं नसतं. मग कळंबाच घेतो. पाइप दाबताना काय बघायचं? आणि तारखा?

गाळवाचक
पाइपची खालची कड बाहेरून तासून धारदार करा. दाबून झाल्यावर काढण्याआधी आतला आणि बाहेरचा गाळ मोजा. पाइप ८० सेंमी गेला आणि आत ६० सेंमीच आलं, तर २५ टक्के आखूड झालंय. ही नोंद नसेल तर पुढचे सगळे सेंटीमीटर चुकीचे. वरचं रबरी बूच घट्ट बसवूनच ओढा. खालचं टोक पाण्याबाहेर येण्याआधी पाण्यातच झाकण लावा, नाहीतर सगळं निसटतं.

नेताना पाइप उभाच ठेवा. गाळाच्या किंचित वर बारीक भोक पाडून पाणी जाऊ द्या. फ्रीजमध्ये ४ अंशांवर ठेवा. गोठवू मात्र नका, बर्फ फुगतो आणि थर विस्कटतात. काप घेताना कडेचे २-३ मिमी टाकून द्या, तिथे वरचा गाळ खाली ओढला गेलेला असतो.

समस्थानिक
तारखांसाठी शिसं-२१०, म्हणजे गाळातलं किरणोत्सारी शिसं; थर जितका जुना तितकं ते कमी उरतं. अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं, त्यामुळे १००-१५० वर्षांपर्यंत चालतं. अणुचाचण्यांतून पसरलेल्या सीझियम-१३७ चं १९६३ चं शिखर ताडून बघायला बरं, पण उष्ण कटिबंधात ते मुळातच कमी पडलं आणि आतापर्यंत चौथाईच्या आसपास उरलंय. शिखर दिसलं नाही म्हणून कोअर वाया गेला असं समजू नका. कार्बन-१४ वर पैसे घालवू नका, गेल्या तीनशे वर्षांत एकाच मोजणीच्या दोन-तीन तारखा निघतात. नमुने पाठवण्याआधी प्रयोगशाळेला सुकं वजन किती लागतं ते विचारा. ६३ मिमीच्या पाइपमधला एक सेंटीमीटरचा काप ओला भरपूर वाटतो, पण वरचा मऊ गाळ सुकल्यावर अगदी थोडा उरतो. म्हणून शेजारी-शेजारी दोन कोअर काढा, एक तारखांसाठी आणि एक बाकी कामाला.