सरावाहून पाण्याची बाटली भरलेलीच परत येते, काय करावे?

प्रश्न (शिवाजी पेठेतील एक आई)

माझा मुलगा सहा वर्षांचा असून त्याचे वजन १८ किलो आहे. एप्रिल लागल्यापासून तो सकाळी गांधी मैदानावर फुटबॉलच्या सरावाला जातो आणि दिलेली पाण्याची बाटली बहुतेक वेळा तशीच परत आणतो. विचारले तर तहानच लागली नाही, असे सांगतो. परवा घरी आल्यावर त्याचे डोके दुखत होते आणि लघवी गर्द पिवळी झाली होती. धाकटी चार महिन्यांची आहे. या उकाड्यात तिला दोन-दोन चमचे पाणी पाजावे, असे सासूबाई म्हणतात. चैत्र पौर्णिमेला सर्वांनी जोतिबाला जायचे ठरले आहे, म्हणून आताच विचारते.

उत्तर (बालरोगतज्ज्ञ)

ताई, खेळाच्या नादात मुलांना तहानेची जाणीव उशिरा होते, त्यामुळे तहान लागण्याची वाट पाहू नये. घरून निघण्यापूर्वी एक पेला पाणी द्यावे आणि प्रशिक्षकांना विनंती करावी, की दर वीस मिनिटांनी खेळ थांबवून सर्वच मुलांना काही घोट प्यायला लावावेत. सगळे पितात तेव्हा आपलाही पितो. १८ किलोच्या मुलाला दूध, ताक, आमटी धरून दिवसाला साधारण १.४ लिटर द्रव लागतो आणि घाम गाळला की त्याहून जास्त. मात्र आकड्यापेक्षा लघवीवर लक्ष ठेवावे. ती फिकट पिवळी असेल तर ठीक आहे. गर्द होत असेल किंवा सहा-आठ तास झालीच नसेल तर पाणी कमी पडते आहे.

धाकटीला मात्र चमचाभरही पाणी देऊ नये. सहा महिन्यांपर्यंत कडक उन्हाळ्यातही आईचे दूध पुरते, कारण त्यात बहुतांश पाणीच असते. पाण्याने पोट भरले की बाळ दूध कमी पिते, शिवाय जुलाबाचा धोका वाढतो. अधिक वेळा अंगावर पाजावे आणि आपणही भरपूर पाणी प्यावे. सासूबाईंना हे शांतपणे सांगावे. त्यांची काळजी खरीच आहे.

उत्तर (राजारामपुरीतील एक आई)

माझ्या हातून घडलेली चूक सांगते. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात मुलीला जुलाब लागले, तेव्हा मी एक लिटर पाण्यासाठी असलेले ओआरएसचे अख्खे पाकीट स्टीलच्या एका पेल्यात घोळले. वाटले, घट्ट असेल तर लवकर उतार पडेल. तिची तहान वाढत गेली, ती चिडचिड करू लागली आणि उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की पाकीट किती पाण्यात घातले. तेव्हापासून एक लिटरची रिकामी बाटली मी फक्त त्यासाठी वेगळी ठेवली आहे. छोटी पाकिटे २०० मिलीची असतात, म्हणून प्रत्येक वेळी पाकिटावरचे माप वाचावे.

प्रश्नकर्ती

आभारी आहे. सरावाहून आल्यावर रोज ओआरएस द्यावे का? आमच्याकडे नाचणीचे आंबील रोज होते.

उत्तर (बालरोगतज्ज्ञ)

रोज गरज नाही. मीठ घातलेले आंबील किंवा ताक, वर कलिंगडाची फोड, एवढे पुरते. गाड्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रस टाळावा. जुलाब-उलट्या झाल्या तर मात्र ओआरएसच द्यावे, तेही चमच्या-चमच्याने. दुकानातून खोक्यातले गोड पेय आणू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे, आणि ते योग्यच झाले. जास्त साखरेने जुलाब वाढू शकतात.

जोतिबाला मुलाला न्यायचे असेल तर पहाटे निघून ऊन चढण्यापूर्वी डोंगर उतरावा. बाळाला त्या गर्दीत नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मूल सुस्त पडले, रडताना डोळ्यांत पाणी येईना, डोळे खोल गेले किंवा बाळाची टाळू आत ओढलेली दिसली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ ला फोन करावा. शुद्धीवर नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते.