आयडल (गाडी उभी असतानाचे इंजिनचे आरपीएम) 700 ते 1400 वर-खाली होतंय, हवा कुठून शिरतेय? मदत हवी आहे

2006ची पेट्रोल हॅचबॅक, 1.1 लिटर एमपीएफआय, 1,86,000 किमी. थंड असताना ठीक. इंजिन तापलं, पंखा एकदा फिरला की सिग्नलला काटा 700 ते 1400 असा झुलतो. चेक लाईट नाही.

थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्ह (आयडलला लागणारी हवा सोडणारा) साफ केले, प्लग नवे. स्कॅनरवर आयडल व्हॉल्व्हच्या स्टेप्स (तो किती उघडा आहे ते) जवळपास शून्य, मॅप (मॅनिफोल्डमधला हवेचा दाब) 45 केपीए (एसी बंद). म्हणजे ईसीएमने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) हवा बंद केलीय, तरी ती कुठून तरी शिरतेच. आरपीएम चढले की ईसीएम पेट्रोल तोडतो, काटा पडतो, पुन्हा चढतो. गॅरेजवाले "नवा आयडल व्हॉल्व्ह टाका" म्हणतात; स्टेप्स बघता पटत नाही. फ्युएल ट्रिम (ईसीएम पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतो ते) +3, पण मॅपवाल्या, म्हणजे हवा दाबावरून मोजणाऱ्या गाडीत त्यावरून गळती कळत नाही.

ब्रेक बूस्टर, पर्ज (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात नेणारा) आणि पीसीव्हीचे (क्रँककेसमधला वायू इंजिनात परत नेणारा) पाईप एकेक चिमटून पाहिले, फरक शून्य. उरले थ्रॉटल बॉडीचं गॅस्केट, मॅनिफोल्ड गॅस्केट आणि इंजेक्टरचे ओ-रिंग. गरम इंजिनवर कार्ब क्लीनर मारायची हिंमत नाही. स्मोक मशीन (धूर सोडून गळती दाखवणारं) नसताना यातलं नेमकं कुठलं, हे कसं ओळखता? मॅनिफोल्ड उतरवायचाच झाला तर सोबत काय बदलून घ्यावं?