गुलाबावर काळे ठिपके, जास्वंदीवर काजळी: एकच औषध चालेल का?

गोरेगावची बाल्कनी:
पश्चिमेकडच्या बाल्कनीत कलमी गुलाबाच्या चार कुंड्या आणि एक जास्वंद आहे. ऑगस्ट लागल्यापासून गुलाबाच्या खालच्या पानांवर काळे ठिपके पडतात, भोवती पिवळं होतं आणि पान गळतं. एका फांदीचा शेंडाही काळा पडत खाली सरकतोय. जास्वंदीवर काजळीसारखा थर आहे. औषध आणि प्रमाण सांगाल का?

कुंडीमाळी:
एकच औषध चालणार नाही. जास्वंदीचं पान ओल्या फडक्याने पुसा. थर निघाला तर मूळ दुखणं मावा किंवा मिलीबग या किडींचं. त्यांच्या चिकट स्रावावर ही काळी बुरशी वाढते. लिटरभर पाण्यात ५ मिली कडुलिंबाचं तेल आणि २ मिली साबणाचं पाणी नीट घुसळून पानांच्या मागून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा.

गुलाबाचे ठिपके पुसले जात नाहीत. पान सलग सातेक तास ओलं राहिलं की ही बुरशी रुजते, आणि आपल्या पावसाळ्यात पान सुकतं कधी? म्हणून आधी कुंड्या एकमेकींपासून लांब करा, पाणी सकाळी आणि बुंध्याशीच घाला. गळलेली पानं रोज वेचून बाहेर टाका, कंपोस्टमध्ये अजिबात नको.

वसईकर:
शेंडा काळा पडतोय ती शेंडेमर. काळ्या भागाच्या दोन इंच खाली, डोळ्याच्या (कोंब फुटतो त्या उंचवट्याच्या) जरा वर तिरका काप घ्या. आतला गाभा तपकिरी दिसला तर आणखी खाली कापा. प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसा. कापावर कॉपर ऑक्सिक्लोराइड या तांब्याच्या बुरशीनाशकाचा लेप लावा.

ठिपक्यांसाठी फवारणीलाही तेच: ५० टक्क्यांची पावडर, लिटरला २.५ ग्रॅम, काट्यावर मोजून. पावसाची उघडीप साधा, औषध पानावर सुकायला हवं. १०-१२ दिवसांनी दुसरा हात. यानं नवं पान वाचतं, जुना ठिपका जात नाही. तो जात नाही म्हणून लोक प्रमाण वाढवतात आणि पानांच्या कडा जळतात.

कुंडीमाळी:
सहमत. फक्त कॉपरसोबत मातीत ट्रायकोडर्मा घालू नका. तीही बुरशीच, पण उपयोगी; कॉपरने मरू शकते. फवारलेल्या पाकळ्या गुलकंदाला वापरू नका.

गोरेगावची बाल्कनी:
सगळीच झाडं आत्ता छाटून टाकू का?

वसईकर:
नको. आत्ता फक्त रोगट फांदी काढा. मोठी छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात.