आईचा आमवात आणि तिचे नैराश्य

प्रश्न (चोपडा):
आईला आठ वर्षांपासून आमवात आहे. केळीच्या बागेत दिवसभर राबणारी ही बाई वर्षभरापासून कुणाशी बोलत नाही, भरीत-भाकरीलाही हात लावत नाही. डॉक्टरांनी नैराश्याचे निदान केले आणि रक्तातील सीआरपी (शरीरातील सूज दाखवणारे प्रथिन) वाढल्याचेही सांगितले. सांध्यांच्या सुजेचा मनाशी थेट संबंध असतो का?

उत्तर १ (धुळे):
असू शकतो. दाह (शरीरातील सूज) चालू असताना रोगप्रतिकारक पेशी सायटोकाइन नावाची प्रथिने सोडतात आणि त्यांचा संदेश रक्तातून व छाती-पोटातून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस नसेमार्फत मेंदूपर्यंत पोहोचतो. तापात आपल्याला जी मरगळ येते, ती याच यंत्रणेमुळे. ठळक पुरावा हेपटायटिस सी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराच्या जुन्या उपचारातून मिळाला: इंटरफेरॉन अल्फा हे सायटोकाइनच औषध म्हणून टोचले जात असे आणि ते घेणाऱ्या बऱ्याच रुग्णांना काही आठवड्यांत नैराश्य येत असे.

उत्तर २ (नंदुरबार):
वरील माहिती योग्य आहे, मात्र प्रत्येक नैराश्यामागे दाह नसतो. २०१३ मध्ये नैराश्याच्या औषधांना दाद न देणाऱ्या ६० रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅब या दाहरोधक औषधाची चाचणी झाली. एकंदरीत ते तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या नुसत्या सलाइनपेक्षा सरस ठरले नाही, परंतु ज्यांचे सीआरपी मुळातच जास्त होते त्यांच्यात सुधारणेची चिन्हे दिसली. सततच्या वेदना आणि मोडलेली झोप हीदेखील कारणे असतातच. म्हणून आमवाताचे तज्ज्ञ व मानसोपचारतज्ज्ञ या दोघांनाही एकमेकांचे कागद दाखवा, आणि मनाने कुठलीच गोळी बंद करू नका.

प्रश्नकर्ती:
सोमवारी जळगावला दोन्ही फायली घेऊन जाते.